दोन पत्त्यांच्या मुलांसाठी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, वाशिम
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, वाशिम



सोयाबीन निघाले की मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. मुकादमाची आगाऊ उचल घरात केव्हाच आलेली असते आणि बहुतेक वेळा संपलेलीही असते: कुठे मुलीच्या लग्नात, कुठे दवाखान्यात, कुठे पेरणीच्या उधारीत. दिवाळीच्या मागेपुढे गाडी भरते. पिठाचे डबे, पांघरुणे, तवा, एखादी शेळी, आणि त्या सामानावर बसलेली लेकरे. कोणाची टोळी पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडांकडे जाते, कोणाची कर्नाटकात. काही कुटुंबे वीटभट्टीवर उतरतात, काही पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. तांड्यात म्हातारी माणसे उरतात. शाळेच्या पटावर मुलाचे नाव तसेच राहते, वर्गात मूल नसते.

हे अचानक कोसळलेले संकट नाही. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या तांड्यांतून, बहुतेक ठरलेल्याच घरांतून माणसे निघतात आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परततात. मतदारयादी, पल्स पोलिओची मोहीम, उन्हाळ्यातली टँकरची यादी यांची तयारी प्रशासन जितक्या बारकाईने करते, तितक्याच बारकाईने या प्रवासाची तयारी व्हावी, ही मागणी घेऊन हे पत्र आपल्याकडे येत आहे. शिक्षणाच्या योजना आहेत, रोजगार प्रशिक्षणाच्याही आहेत. त्या साऱ्या एका पत्त्याला बांधलेल्या आहेत. या कुटुंबांना मात्र वर्षात दोन पत्ते असतात, आणि दुसरा पत्ता मुलाच्या शाळेच्या दप्तरी नोंदलेला नसतो.

अकोल्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या जवळ, आणि दर पाच माणसांतली चारांहून अधिक खेड्यांत राहणारी. पैनगंगा, अडाण, अरुणावती या नद्या जिल्ह्यातून जातात, तरी बहुतेक शेती आभाळाकडे बघूनच होते. सोयाबीन आणि तूर हातात आली की ज्याच्याकडे विहीर नाही त्याला पुढच्या पावसापर्यंत गावात काम उरत नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादच्या जोडीला वाशिमचे नाव आले. त्या कार्यक्रमात जिल्ह्याचे मोजमाप करताना शिक्षणाला ३० टक्के भार दिला गेला, वित्तीय समावेशन आणि कौशल्य विकासाला मिळून १० टक्के. म्हणजे जिल्ह्याच्या प्रगतिपुस्तकातला मोठा भाग ज्या विषयांचा आहे, त्याच विषयांत ही मुले आणि त्यांचे आईबाप सहा महिने जिल्ह्याच्या नजरेआड असतात.

जाणाऱ्यांत बंजारा कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. प्रवास या समाजाला नवा नाही. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून लमाणांचे तांडे देशभर फिरत होते. रेल्वे आली आणि तो व्यापार बुडाला, १८७१ च्या इंग्रजी कायद्याने भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली आणि तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. पूर्वीच्या प्रवासात माल आपला होता, बैल आपले होते आणि मुक्कामाचा निर्णय तांड्याच्या नायकाचा होता. आजच्या प्रवासात कुठे जायचे हे मुकादम ठरवतो. पोहरादेवी याच मानोरा तालुक्यात आहे. बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या दर्शनाला तिथे देशभरातून लोक येतात, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. ते उभे राहिले याचा अभिमान आहेच. त्याच परिसरातल्या तांड्यांवरची मुले हंगामात शाळेत टिकवणे हाही त्या वारशाचाच सन्मान ठरेल. आणि हा प्रश्न एकट्या बंजारा समाजाचा नाही; आंध आणि पारधी कुटुंबे, भूमिहीन दलित, दोन-तीन एकरांचे कोरडवाहू शेतकरी, सगळेच या वाटेने जातात.

कायद्याबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याचे कलम ४ सांगते की शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवा आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्या. कलम ५ नुसार मूल दुसऱ्या शाळेत जाऊ शकते, मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा आहे आणि दाखला आला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. कलम ९ मध्ये तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल याची जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. राज्यात शिक्षण हमी पत्रकही आहे: गाव सोडताना शाळेने ते मुलाच्या हातात द्यायचे, नव्या ठिकाणच्या शाळेने ते पाहून मुलाला बसवून घ्यायचे.

अडचण फडावर आल्यावर कळते. टोळी एका गावात ठरून राहत नाही. एक फड संपला की कोपी, म्हणजे राहण्याची झोपडी, मोडून दुसऱ्या शिवारात उभी राहते. जवळची शाळा दोन-तीन किलोमीटरवर, मधे उसाने भरलेल्या ट्रॉल्यांचा रस्ता. आईबाप पहाटे चारला तोडणीला जातात. दहा वर्षांची मुलगी घरी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे आणि भाकरी थापणे तिच्याकडे येते, मग हमी पत्रक पेटीच्या तळाशी राहते. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, आणि टोळी सीमेपलीकडे गेली असेल तर फळ्यावर कन्नड. ज्या मुलाला पहिलीत मराठीशी जुळवून घ्यायला वर्ष लागले, त्याच्याकडून तिसरीत कन्नडची अपेक्षा धरणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

महाराष्ट्राने यावर पूर्वी चांगले काम केलेले आहे, हे आवर्जून नोंदवायला हवे. १९९० च्या दशकात विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या, भट्टीवरच्या झोपडीशेजारीच वर्ग उभा केला. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. १९८८ मध्ये सुरू झालेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था मुंबई-पुण्यात बांधकाम मजुरांच्या मुलांना शिकवत आहे. या सगळ्या प्रयत्नांचे सूत्र एकच होते: मूल जिथे आहे तिथे शाळा नेणे. हक्काचा कायदा आल्यावर जबाबदारी सरकारकडे गेली, ते योग्यच झाले. पण संस्थेचा कार्यकर्ता कोपीपर्यंत चालत जायचा, ते चालणे कोणी करायचे हे कायद्याने नेमून दिले नाही.

आपल्या हातात सर्वांत जवळचा उपाय आहे तो हंगामी वसतिगृहाचा. मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते आणि शाळा सुटत नाही. कमी खर्चात, मुलाला त्याच्या माणसांत ठेवणारी ही योजना आहे. तिचे यश एका तारखेवर अवलंबून असते. टोळी दिवाळीच्या पाडव्याला निघणार असेल आणि वसतिगृहाची मंजुरी डिसेंबरात येणार असेल, तर आई मुलाला मागे ठेवील कशी? जेवण कुठे आहे हे तिला डोळ्यांनी दिसले पाहिजे. दसऱ्याला चूल पेटलेली दिसली तरच ती विश्वास टाकील. मुलींच्या बाबतीत तर हा विश्वास आणखी कठीण. वयात आलेली मुलगी थकलेल्या आजीच्या भरवशावर सहा महिने ठेवायला आईबाप घाबरतात आणि ती भीती खोटी नाही. तिला सोबत न्यायचे नसेल तर लग्न उरकून टाकायचे, असा हिशेब अनेक घरांत होतो. म्हणून मुलींसाठी रात्रीच्या मुक्कामाची, बाई अधीक्षक असलेली जागा हवी. जिल्ह्यातल्या विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या आश्रमशाळांत अशा मुलींना हंगामापुरता प्रवेश देता येईल का, हे आपण एका बैठकीत तपासू शकता.

२०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. ज्या दहा जिल्ह्यांतल्या ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहे जाहीर झाली त्यांत बीड, नगर, जालना, नांदेड, परभणी होते, वाशिम नव्हता. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे १० रुपये द्यावेत आणि तितकीच रक्कम सरकारने घालावी, अशी रचना आहे. मानोऱ्याच्या मजुराने तोडलेल्या उसावरही ते दहा रुपये कापले जातात. मग वसतिगृह मागताना मानोऱ्याने संकोच का करावा? मागणीसाठी लागतो तो आकडा: किती मजूर जातात, किती मुले जातात. ऊसतोड कामगारांना ग्रामसेवकामार्फत ओळखपत्र देण्याची पद्धत आहे. ती नोंद पूर्ण झाली तर जिल्ह्याचा दावा कागदावर उभा राहील.

बांधकामावर जाणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिच्यातली एक गाठ फारशी बोलली जात नाही. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद असलेल्या कामगाराच्या दोन मुलांना शिष्यवृत्ती मिळते: पहिली ते सातवीसाठी वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावीसाठी ५,०००, अकरावी-बारावीसाठी १०,००० आणि पुढच्या शिक्षणाला त्याहून अधिक. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि शाळकरी मुलासाठी अट आहे ७५ टक्के हजेरीची. बापाने नव्वद दिवस पुण्यात काम केले म्हणून तो पात्र ठरतो. मूल त्याच्यासोबत पुण्यात गेले म्हणून गावच्या शाळेत त्याची हजेरी भरत नाही आणि ते अपात्र ठरते. ज्या कारणाने मदत द्यायची, त्याच कारणाने ती हुकते. मुलाने दुसऱ्या जिल्ह्याच्या शाळेत भरलेले दिवस इथल्या हजेरीत धरले तर ही गाठ सुटते. त्यासाठी नवा निधी लागत नाही. दोन शिक्षणाधिकाऱ्यांनी एकमेकांची नोंद मान्य करावी लागते.

नोंद मुलाच्या मागे फिरवण्याचे काम जगात झालेले आहे. अमेरिकेत मेक्सिकन आणि इतर लॅटिनो शेतमजूर कुटुंबे पिकांच्या मागोमाग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात. त्यांचे नेते सेझार चावेझ यांना लहानपणी तीसहून अधिक शाळा बदलाव्या लागल्या आणि आठवीनंतर शिक्षण सोडून ते शेतमजुरीला लागले. तिथल्या सरकारने १९६६ मध्ये स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांसाठी स्वतंत्र शिक्षण कार्यक्रम सुरू केला. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात संगणक बसवून देशभरातल्या अशा मुलांच्या शाळेच्या आणि आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवल्या. ती व्यवस्था १९९० च्या दशकात बंद झाली आणि पुढे राज्या-राज्यांना जोडणारी नवी आली. त्याच मजुरांच्या तरुण मुलांना बारावीच्या बरोबरीचे प्रमाणपत्र मिळवून देणारा एक आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षी हात धरणारा दुसरा, असे वेगळे कार्यक्रमही तिथे आहेत. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी ही मुले गळतात, हे ओळखून दुसरा आखला आहे. त्या कुटुंबांच्या वाटेत देशांची सीमा, परकी भाषा आणि कागदपत्रांची धास्ती असते. आपली कुटुंबे बहुतेक वेळा स्वतःच्याच राज्यात, स्वतःच्याच सरकारच्या हद्दीत फिरतात, विद्यार्थ्याचा क्रमांक सरकारी पोर्टलवर आधीच असतो. तेव्हा आपल्याला हे काम त्यांच्यापेक्षा सोपे आहे.

जिल्हा पातळीवर काय करता येते याचा दाखला केरळात आहे. एर्नाकुलम जिल्हा प्रशासनाने २०१७ मध्ये परप्रांतीय मजुरांच्या मुलांसाठी 'रोशनी' उपक्रम सुरू केला. त्या मुलांची भाषा जाणणारे स्वयंसेवक नेमले, शाळेच्या वेळेआधी त्यांचा वर्ग भरवला, सकाळची न्याहारी दिली. मूल आपल्या भाषेतून मल्याळमकडे वळू लागले. आपल्याकडे गोरबोली जाणणारे, डी.एड. झालेले, नोकरीची वाट पाहणारे तरुण तांड्या-तांड्यांवर आहेत. टोळीसोबत अशा एकाला मानधनावर पाठवले तर मुलांना शिक्षक मिळतो, त्या तरुणाला काम मिळते.

आता मोठ्यांकडे. जानेवारी २०२४ च्या करारात ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि दिवसभर राबून तो दीड-दोन टन ऊस तोडतो. ही मजुरी आधीच घेतलेल्या उचलीत वळती होते. दुसरीकडे ऊसतोडणी यंत्रांना सरकारी अनुदान मिळते आहे आणि फडांत यंत्रे वाढत आहेत. कोयत्याचे काम कायम राहील, या भरवशावर आज शाळेत असलेल्या पिढीचे आयुष्य बेतता येणार नाही.

प्रशिक्षणाच्या सोयी कागदावर पुष्कळ आहेत. तालुक्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ग्रामीण गरीब तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, बँकेच्या मदतीने चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, महिला बचत गटांसाठी उमेद अभियान, आणि १९ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यभर सुरू झालेली ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे. तरी तांड्यावरचा तरुण तिथे का दिसत नाही, याचे उत्तर पुन्हा तारखेत आणि उचलीत आहे. ज्याने पावसाळ्यात मुकादमाचे पैसे घेतले, तो नोव्हेंबरात वर्गात बसू शकत नाही. त्याने कबुली दिलेली असते आणि बहुतेकदा बायकोचीही दिलेली असते. प्रशिक्षण मोफत असले तरी ती उचल कोण फेडणार?

म्हणून क्रम बदलावा लागेल. टोळ्या परततात तेव्हापासून पेरणीपर्यंत, म्हणजे एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, घरात माणसे असतात आणि नवी उचल अजून घेतलेली नसते. वर्षातला हाच काळ मोकळा असतो. स्वयंरोजगार संस्थेचे थोड्या दिवसांचे निवासी वर्ग याच काळात, मानोरा आणि मंगरूळपीरच्या गावांत भरवता येतील. वाशिम शहरात बोलावण्याचा आग्रह सोडावा लागेल. त्याच महिन्यात उमेदच्या गटांमार्फत पावसाळ्याच्या खर्चासाठी कर्ज मिळाले, तर मुकादमाकडे जाण्याची निकड कमी होईल. प्रशिक्षण आणि कर्ज एकाच वेळी आले नाही तर दोन्ही वाया जातील, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

काय शिकवायचे, हेही घरात बसून ठरवू नये. जो तरुण पाच-सात हंगाम पुण्याच्या बांधकामांवर राबला, त्याला सेंट्रिंग येते, लोखंड बांधता येते, फरशी बसवता येते. पण तो बिगारीच म्हणून मोजला जातो, कारण हातात कागद नाही. आधी मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. अशा तरुणांची तालुक्यातच परीक्षा घेऊन त्यांना ते द्यावे. गवंडी आणि बिगारी यांच्या रोजीतला फरक त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नाही. ऊस तोडणाऱ्या यंत्राचा चालक आणि मेकॅनिकही याच तांड्यांतून तयार व्हावा, कारण फड आणि ऊस त्याच्याइतका कोणाला कळतो? बायकांच्या हातात आरसे-कवड्यांचे भरतकाम आहे. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यातून बायकांना घरबसल्या काम मिळते. पोहरादेवीला यात्रेकरू येतात, संग्रहालय झाले आहे. मानोऱ्याच्या बायकांच्या कामाला तिथे कायमची विक्रीची जागा मिळावी. एवढ्यावर घर चालेल असे नाही, पण आई गावात राहिली तर मूल शाळेत राहते.

पुढाकार वाशिमनेच घ्यावा लागेल. ज्या जिल्ह्यात ही मुले जातात, तिथल्या शाळेसाठी ती काही महिन्यांची पाहुणी असतात. ती आपली आहेत.

तेव्हा विनंती अशी की येत्या दसऱ्यापूर्वी मानोरा तालुक्यात तांडानिहाय यादी व्हावी: कोणते घर जाणार, कुठल्या मुकादमासोबत, कुठल्या कारखान्यावर किंवा साइटवर, किती मुले सोबत आणि किती मागे. शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक आणि तांड्याचा नायक एकत्र बसले तर हे काम अवघड नाही. ती यादी गाड्या निघण्यापूर्वी संबंधित जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या हातात असावी. मागे राहणाऱ्या मुलांच्या वसतिगृहाची चूल त्याच आठवड्यात पेटावी. आणि एप्रिलअखेर जिल्हा परिषदेने एक आकडा जाहीर करावा: किती मुले गेली आणि त्यांतली किती दुसऱ्या ठिकाणी शाळेत बसली. तो आकडा पहिल्या वर्षी लहान असला तरी चालेल, तो खरा असावा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.

आपला विश्वासू,
वाशिम जिल्ह्यातला एक नागरिक